भूगोल शिकून काय होणार?

(आयसेलिन, न्यू जर्सी येथील वार्षिक स्नेहमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून आम्ही विषयाकडे वळतो. नव्या पिढीच्या शिक्षणाविषयी चार शब्द बोलावेत, अशी संयोजकांची आज्ञा आहे. वैद्यकीय व्यवसायातील माणूस या विषयावर उभा राहिला, की तो आपल्याच व्यवसायाची महती गाणार, अशी श्रोत्यांची समजूत होणे स्वाभाविक आहे. परंतु आज आम्ही एका उपेक्षित विद्येची बाजू मांडणार आहोत. ती विद्या म्हणजे भूगोल.

आपल्या घरांतून मुलामुलींचे हायस्कूल संपत आले, की तीन शब्द ऐकू येतात: मेडिसिन, इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर. यांपलीकडचे नाव मुलाने उच्चारले, की घरात शांतता पसरते. "भूगोल शिकून काय होणार? शाळामास्तर?" हा प्रश्न आई विचारते, वडील विचारतात, आणि भारतातून फोनवर आजोबाही विचारतात.

या प्रश्नास आम्ही हसण्यावारी नेणार नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात पदवीचा कागद येऊन जेमतेम दोन पिढ्या झाल्या आहेत. वडिलोपार्जित शेती नाही, दुकान नाही, वशिला नाही. जे काही आहे ते पदवीच्या बळावर आहे. अशा समाजाने मुलाच्या पदवीचा बाजारभाव विचारला, तर तो लोभ नव्हे. तो अनुभव आहे. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर भावनेने न देता हिशेबाने दिले पाहिजे. ते देण्यापूर्वी मात्र भूगोल म्हणजे काय आणि आपल्या समाजाशी त्याचे नाते कोणते, हे पाहणे अगत्याचे आहे.

शिवेचा राखणदार

राजधान्यांची नावे आणि नद्यांची लांबी पाठ करणे म्हणजे भूगोल, अशी आपली शाळेपासूनची समजूत आहे. वास्तविक भूगोल एकच प्रश्न निरनिराळ्या अंगांनी विचारीत असतो: हे येथेच का? पाणी येथेच का, रोग येथेच का, गरिबी येथेच का, आणि ही वस्ती गावाच्या बाहेरच का?

शेवटचा प्रश्न आपल्याला शिकविण्याची गरज नाही. महारवाडा गावकुसाबाहेर का, मांगवाडा त्याच्याही पलीकडे का, पाणवठा निराळा का, हा भूगोल आपल्या पूर्वजांनी पायांनी शिकलेला आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याकडे बाबासाहेब निघाले, तेव्हा हजारो माणसे त्यांच्यामागून एका ठिकाणापासून दुसऱ्या ठिकाणापर्यंत चालत गेली. ते अंतर फार नव्हते. पण ते ओलांडावयास शतके लागली होती. कोणती जागा कोणाची, आणि तेथे जाण्याचा हक्क कोणास, हा भूगोलाचाच प्रश्न होय.

दुसरी एक गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक नसते. वतनदार महाराकडे जी कामे होती, त्यांत गावाची शीव ओळखणे आणि राखणे हे एक प्रमुख काम होते. दोन गावांत शिवेचा तंटा उभा राहिला, की महाराची साक्ष प्रमाण मानली जाई. कोणता दगड कोठे पुरला आहे, ओढा पूर्वी कोठून वाहत होता, हे त्यास ठाऊक असे. म्हणजे ज्याला साऱ्या गावाची शीव तोंडपाठ, त्यालाच गावाच्या वेशीआत जागा नव्हती! या वतनाच्या बेड्या तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. वतने प्रत्यक्षात १९५८च्या कायद्याने संपुष्टात आली. वतन गेले ते उत्तम झाले. परंतु जमीन वाचण्याची ती बुद्धी वतनाबरोबर टाकून देण्याचे कारण नाही. गुलामी म्हणून जे काम केले, तेच आता शास्त्र म्हणून, सन्मानाने आणि योग्य वेतन घेऊन करता येते.

स्वतः बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते. दामोदर आणि महानदी या नद्यांच्या खोऱ्यांचा विचार त्यांनी प्रांतांच्या सीमा बाजूस ठेवून, संपूर्ण खोरे एक घटक मानून केला. पूर, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांची एकत्रित योजना हवी, असा त्यांचा आग्रह होता; आजच्या केंद्रीय जल आयोगाचा आरंभ १९४५ साली त्यांच्याच कारकिर्दीत झाला. पुढे १९५५ साली भाषिक राज्यांवरील आपल्या पुस्तकात त्यांनी उत्तर प्रदेश, बिहार आणि मध्य प्रदेश ही अवाढव्य राज्ये विभागावीत, असे सुचविले. २००० साली याच तीन राज्यांतून उत्तराखंड, झारखंड आणि छत्तीसगड निर्माण झाली. पदवी अर्थशास्त्राची असली, तरी देशाचा नकाशा समोर ठेवून विचार करण्याची त्यांची सवय होती, असे म्हणावयास हरकत नाही.

नकाशा हे निदान आहे

आम्हां वैद्यांचा या विद्येशी फार जुना ऋणानुबंध आहे. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली. रोगजंतूंचा सिद्धांत तेव्हा मान्य झालेला नव्हता. दूषित हवेने रोग पसरतो, असे बहुतेक वैद्य मानीत. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू कोणकोणत्या घरांत झाले, याची घरोघर फिरून नोंद घेतली. ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोवती मृत्यूंची दाटी झालेली दिसली. त्या पंपाचा दांडा काढविण्यात आला, आणि स्नो यांनी पुढे मृत्यूंचा नकाशा प्रसिद्ध केला. रोग्याची नाडी पाहून जे कळले नाही, ते रोग्याचा पत्ता पाहून कळले.

आज याच न्यू जर्सीत आम्ही तेच पाहत असतो. ट्रेंटन आणि प्रिन्स्टन जंक्शन ही गावे मोटारीने अर्ध्या तासाच्या आतली. व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाने २०१०च्या दशकात केलेल्या नकाशांत या दोन ठिकाणांच्या सरासरी आयुर्मानात सुमारे चौदा वर्षांचा फरक दिसून आला. हा फरक कोणत्याही औषधाने भरून निघणारा नाही. घर कोठे मिळाले, शाळा कोणती, कारखान्याचा धूर कोणाच्या खिडकीत येतो, ताजी भाजी किती अंतरावर मिळते, यांवर तो अवलंबून आहे. आम्ही रक्तदाबाची गोळी लिहून देतो. रक्तदाब ज्या वस्तीत वाढतो तिचा विचार दुसऱ्या कोणीतरी करावयास हवा. तो 'दुसरा कोणी' बहुधा भूगोल शिकलेला असतो.

नकाशा जसा रोग शोधतो, तसा तो रोग निर्माणही करू शकतो. १९३३ साली या देशात स्थापन झालेल्या गृहकर्ज महामंडळाने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे केले आणि वस्त्यांना चार रंग दिले. लाल रंग म्हणजे कर्ज देण्यास धोकादायक. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुधा लाल रंगातच पडल्या. आपल्या शेजारच्या नेवार्कसह एसेक्स काउंटीचाही असा नकाशा झाला होता. अशा भेदभावास १९६८च्या कायद्याने बंदी आली, परंतु ज्या कुटुंबांना घर घेता आले नाही, त्यांच्या नातवंडांनाही त्याची झळ आजतागायत लागते आहे. गावकुसाची भिंत दगडाचीच असावी लागते असे नाही. ती रंगाच्या पेन्सिलीनेही काढता येते.

ती पुसताही येते. न्यू जर्सीतील माउंट लॉरेल या टाउनशिपने जमीनवापराचे नियम असे केले होते, की गरिबांस परवडेल असे घर तेथे बांधताच येऊ नये. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांवर गाव सोडण्याची वेळ आली. एथेल लॉरेन्स या बाईंनी इतरांसह दावा लावला. १९७५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की प्रत्येक वाढत्या गावाने आपल्या वाट्याची परवडणारी घरे होऊ दिलीच पाहिजेत. १९८३ साली तो निकाल अधिक बळकट झाला आणि १९८५ साली त्यावर कायदा झाला. मार्च २०२४ मध्ये राज्याने या व्यवस्थेसाठी नवा कायदा केला. आता 'आपल्या वाट्याची' म्हणजे किती घरे, कोणत्या जमिनीवर, कोणत्या रस्त्यालगत, हे कोण ठरविते? वकील दावा लढतो, न्यायाधीश तत्त्व सांगतो. जागा दाखवितो तो नियोजनकार. त्या टेबलावर आपली मुले बसलेली असावीत की नसावीत?

या देशातील वाटा

आता हिशेबाकडे येऊ. प्रथम अप्रिय सत्य सांगतो. 'भूगोलतज्ज्ञ' अशा नावाच्या नोकऱ्या संपूर्ण अमेरिकेत दोन हजारांहूनही कमी आहेत, आणि त्यांतील बऱ्याच केंद्र सरकारात आहेत. ही संख्या पाहून पालक घाबरतात. परंतु भूगोल शिकलेली माणसे बहुतांशी दुसऱ्या नावाने काम करतात. ती नावे ठाऊक करून घेतली पाहिजेत.

पहिली वाट शहर व प्रादेशिक नियोजनाची. या देशात सुमारे चाळीस हजार नियोजनकार काम करतात, आणि २०२३ साली त्यांचे मध्यम वार्षिक वेतन ऐंशी हजार डॉलरच्या आसपास होते. न्यू जर्सीत व्यावसायिक नियोजनकारास राज्याचा परवाना घ्यावा लागतो आणि प्रत्येक गावास आपल्या विकास आराखड्याची ठरावीक मुदतीत फेरतपासणी करावी लागते. म्हणून हे काम येथे सतत चालू असते. भूगोलाच्या पदवीनंतर नियोजनातील दोन वर्षांची मास्टर्स पदवी घेणे हा रूढ मार्ग. रटगर्स विद्यापीठात भूगोलाचा विभागही आहे आणि नियोजनाचे ब्लॉस्टिन स्कूलही. आयसेलिनहून दोन्ही ठिकाणी घरी राहून जाता येते, ही खर्चाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

दुसरी वाट भौगोलिक माहिती प्रणालीची, जिला सर्वजण जी.आय.एस. म्हणतात. १९६०च्या दशकात रॉजर टॉमलिन्सन या भूगोलतज्ज्ञाने कॅनडा सरकारसाठी तिचा पाया घातला. आज विजेच्या, पाण्याच्या व गॅसच्या कंपन्या, रेल्वे, विमा व्यवसाय, मालवाहतूक, दुकानांच्या साखळ्या, पोलीस व अग्निशामक दल यांपैकी कोणाचेही तिच्यावाचून चालत नाही. ज्या पालकांना मुलाने कॉम्प्युटरच शिकावा असे वाटते, त्यांना आम्ही सांगू इच्छितो, की येथे कॉम्प्युटरही आहे आणि कॉम्प्युटरने कशाचा विचार करावयाचा, हेही आहे. उपग्रहाच्या चित्रातून घरे व रस्ते ओळखण्याचे काम यंत्र आता स्वतः करू लागले आहे. म्हणून केवळ बटणे दाबावयास शिकलेल्यास धोका आहे. प्रश्न विचारावयास शिकलेल्यास नाही.

तिसरी वाट सार्वजनिक आरोग्याची. रोगांच्या साथी, कर्करोगाचे पुंजके, रुग्णालयांची अंतरे यांचा अभ्यास करणारी माणसे आरोग्यखात्यांना आणि विद्यापीठांना लागतात. कोविडच्या साथीत २०२० साली साऱ्या जगाने दररोज जो नकाशा उघडून पाहिला, तो जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात तयार झाला होता. भूगोलाबरोबर एम.पी.एच. केलेला विद्यार्थी आमच्या क्षेत्रात मोलाचा ठरतो.

चौथी वाट पर्यावरण आणि आपत्ती व्यवस्थापनाची. त्यासाठी दूर जावयास नको. आयसेलिन ज्या वुडब्रिज टाउनशिपमध्ये मोडते, तिच्याच हद्दीत २०१२च्या सँडी वादळाने वुडब्रिज नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. राज्याच्या 'ब्लू एकर्स' योजनेखाली तेथील शंभराहून अधिक घरे मालकांच्या संमतीने विकत घेऊन पाडली गेली आणि ती जमीन पाणथळ म्हणून नदीस परत देण्यात आली. कोणते घर राहू द्यावे, कोणते हलवावे, मालकास काय सांगावे, हे सारे प्रश्न भूगोलाचे होते. पुराचे नुकसान हे पाण्यापेक्षा माणसाने कोठे वस्ती केली यावर अधिक अवलंबून असते, ही गोष्ट गिल्बर्ट व्हाइट या भूगोलतज्ज्ञाने १९४०च्या दशकातच पटवून दिली होती. आपल्या गावाकडील नाल्याकाठच्या वस्त्या आठवा, म्हणजे हे म्हणणे पटेल. २०२० साली न्यू जर्सीने पर्यावरणीय न्यायाचा कायदा केला. आधीच प्रदूषणाचा भार सोसणाऱ्या वस्तीत नवा कारखाना येण्यापूर्वी तिच्यावरील एकूण भाराचा विचार आता करावा लागतो. अशी वस्ती कोणती, हे जनगणनेच्या लहान-लहान गटांच्या नकाशावरून ठरते. त्यांतील एक कसोटी इंग्रजी नीट न येणाऱ्या कुटुंबांच्या प्रमाणाची आहे, हे आपण स्थलांतरितांनी लक्षात ठेवावे.

पाचवी वाट सरकारी खात्यांची: जनगणना विभाग, भूवैज्ञानिक सर्वेक्षण, संरक्षणाशी निगडित नकाशा संस्था. यांपैकी पुष्कळ जागांसाठी नागरिकत्व लागते. येथे जन्मलेल्या मुलांना ही अडचण नाही. मात्र २०२५ साली केंद्रीय खात्यांत मोठी नोकरकपात झाली, हे ध्यानात घेऊन राज्य व काउंटीच्या जागांकडेही लक्ष ठेवावे. आणि सहावी वाट अध्यापनाची. न्यू जर्सीच्या शाळेत भूगोल शिकविण्यासाठी सामाजिक शास्त्रांचे शिक्षक म्हणून प्रमाणपत्र घ्यावे लागते. आपल्या समाजात शिक्षकाने किती घरे उभी केली, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी 'मास्तर' हा शब्द हिणवण्यासाठी वापरू नये.

गावाकडचे काम

भारतात राहिलेल्या आपल्या भाचेपुतण्यांसाठीही ही वाट खुली आहे. महाराष्ट्रात भूगोल म्हणजे कला शाखेतील विषय, स्पर्धा परीक्षेचा विषय, एवढीच त्याची ओळख होती. आता नागपुरास महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, डेहराडूनला भारतीय सुदूर संवेदन संस्था आहे. २०२१ साली केंद्र सरकारने नकाशांवरील जुने निर्बंध सैल केले आणि २०२२ साली राष्ट्रीय भूस्थानिक धोरण जाहीर केले. खासगी क्षेत्रातही त्यामुळे कामे वाढत आहेत.

२०२० सालापासून स्वामित्व योजनेखाली ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी होऊन घरमालकांना मिळकतपत्रिका दिल्या जात आहेत. ज्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या गावठाणाच्या कडेला किंवा बाहेर आहेत, त्यांची नोंद कशी होणार? दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांसाठी सत्याग्रह केले, ते जमीन मागण्यासाठी. पुढील लढा नकाशावर दिसण्याचाही आहे. तसेच डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय कागदावर झाला. ते नाव प्रत्येक नोंदीत आणि नकाशावर उतरविणारा हात कोणाचा तरी असावा लागेल.

पालकांस आणि विद्यार्थ्यांस

विद्यार्थ्यांस आमचे सांगणे एवढेच, की हायस्कूलमध्ये ए.पी. ह्यूमन जिऑग्रफी हा विषय असेल तर तो घ्यावा. महाविद्यालयात भूगोलाबरोबर संख्याशास्त्र आणि थोडे प्रोग्रामिंग अवश्य शिकावे, आणि स्वच्छ लिहावयास शिकावे. क्यू.जी.आय.एस. ही प्रणाली विनामूल्य मिळते. तिच्यावर घरी बसून सराव करता येतो. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात काउंटीच्या नियोजन कार्यालयात किंवा पर्यावरण खात्यात उमेदवारी करावी. पहिली नोकरी बहुधा तेथूनच मिळते. ज्यांना खर्च झेपत नाही त्यांनी एडिसनच्या मिडलसेक्स कॉलेजात दोन वर्षे काढून पुढे राज्य विद्यापीठात जावे. भारतातून येऊ इच्छिणाऱ्यांनी आपला अभ्यासक्रम 'स्टेम' यादीत मोडतो की नाही, हे प्रवेशापूर्वीच विद्यापीठास विचारून घ्यावे; पदवीनंतर या देशात काम करण्याची मुदत त्यावर अवलंबून असते.

पालकांस आम्ही खोटे आश्वासन देणार नाही. भूगोलाच्या पदवीवर डॉक्टरइतका पैसा मिळणार नाही. परंतु डॉक्टर होण्यासाठी जी दहा-बारा वर्षे जातात आणि जे कर्ज डोक्यावर बसते, तेही हिशेबात धरा. आमच्या व्यवसायात मनाविरुद्ध आलेली मुले आम्ही पाहिली आहेत. ती परीक्षा उत्तीर्ण होतात, पण रोग्याजवळ बसत नाहीत. ज्याला रोग्याजवळ बसावेसे वाटते त्याने वैद्यकच करावे. ज्याला नदीकाठी, नकाशापाशी, अनोळखी वस्तीत जाऊन बसावेसे वाटते, त्यास अडवू नका.

भगवान बुद्धांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविकेस स्थान दिले आहे. कोणास न दुखविता, लोकांच्या कल्याणास हातभार लावणारा व्यवसाय तो सम्यक. या कसोटीवर भूगोल उणा पडत नाही. १९६८ नंतरच्या काळात डेट्रॉईट शहरात ग्वेंडोलिन वॉरेन ही जेमतेम अठरा वर्षांची कृष्णवर्णीय तरुणी आणि विल्यम बंगी हे भूगोलतज्ज्ञ यांनी मिळून एक उपक्रम चालविला. वस्तीतील मुलांना मोजणी व नकाशे शिकविले गेले. उपनगरातून कामावर येणाऱ्यांच्या मोटारींखाली काळी मुले नेमकी कोठे सापडतात, याचाही नकाशा तेथे झाला. तोवर ते अपघात होते. नकाशावर येताच तो अन्याय ठरला. आपले दुःख मोजून, जागेसह, जगापुढे मांडावयाचे असेल, तर ही विद्या आपल्या मुलांच्या हाती असली पाहिजे.

या समाजाने आजवर डॉक्टर दिले, अभियंते दिले, वकील दिले. आता गाव कसे वसावे हे ठरविणारी माणसे द्यावीत. पुढील वर्षीच्या मेळाव्यात व्यवसाय मार्गदर्शनाच्या टेबलावर संगणक आणि वैद्यकाच्या शेजारी भूगोलाचीही पाटी असावी, अशी आमची कार्यकारिणीस नम्र सूचना आहे. आणि घरातील एखादी मुलगी 'मला भूगोल शिकावयाचा आहे' असे म्हणाली, तर 'काय होणार?' या प्रश्नाआधी 'काय करावयाचे ठरविले आहेस?' हा प्रश्न तिला विचारावा, एवढीच विनंती करून आम्ही रजा घेतो.

नमो बुद्धाय! जयभीम!